बायबलमधले चमत्कार शब्दशः घ्यावेत का? एका तरुण अभ्यासकास पत्र

प्रिय चिरंजीव,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझे पत्र मिळाले. बायबल अभ्यासवर्गात तुझ्यासमोर जो पर्याय ठेवला गेला तो तू जसाच्या तसा लिहून पाठवलास, हे बरे झाले. पवित्र शास्त्रातला प्रत्येक चमत्कार लिहिल्याप्रमाणे शब्दशः घडला असे मान, नाहीतर स्वतःला ख्रिस्ती म्हणवणे सोडून दे, असे तुला सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. परंतु हा पर्याय चुकीचा आहे आणि अशाच पर्यायांमुळे अनेक प्रामाणिक तरुण मंडळीपासून, म्हणजे चर्चपासून, दुरावतात, म्हणून सविस्तर लिहिते. माझे म्हणणे असे की "चमत्कार शब्दशः घ्यावेत का" हा प्रश्न सगळ्या बायबलला एकदम विचारता येत नाही. तो एकेका वृत्तांताला विचारावा लागतो, आणि विचारण्याआधी तो लिहिणारा काय सांगू पाहत होता हे समजून घ्यावे लागते. तसे केल्यावर काही ठिकाणी "हे घडले, आणि माझा विश्वास त्यावर उभा आहे" असे उत्तर येते, काही ठिकाणी लेखकाला घटना सांगायचीच नव्हती असे ध्यानात येते, आणि काही ठिकाणी प्रश्न आयुष्यभर मोकळा राहतो.

बायबल एका पुठ्ठ्यात बांधलेले असले तरी शतकानुशतके निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या लिखाणांचा तो संग्रह आहे. त्यात राजांचा इतिहास आहे, नियमशास्त्र आहे, वंशावळ्या, विलापगीते, प्रेमगीते, नीतिसूत्रे, दृष्टांत, पत्रे आणि दर्शने आहेत. अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रात नद्या टाळ्या वाजवतात. शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात झाडे आपल्यासाठी राजा शोधायला निघतात आणि शेवटी काटेरी झुडपाच्या दारी येतात. हे वाचताना कोणताही विश्वासणारा अडखळत नाही. जखमी वाटसरूला उचलून नेणाऱ्या शोमरोन्याचा दृष्टांत ऐकून ती उतारशाळा कोठे होती याचा कोणी शोध घेत नाही, आणि शोध न लागल्याने दृष्टांत खोटाही ठरत नाही. तेराव्या शतकात ईश्वरविज्ञानी थॉमस अक्विनास याने ही गोष्ट फार स्वच्छ मांडली आहे. लेखकाला जे सांगायचे आहे तोच शास्त्राचा शब्दशः अर्थ, असे तो म्हणतो. शास्त्रात देवाच्या बाहूचा उल्लेख येतो तेव्हा देवाला अवयव आहेत असा त्याचा शब्दशः अर्थ होत नाही. देवाचे कार्य करण्याचे सामर्थ्य हाच त्याचा शब्दशः अर्थ. म्हणजे लेखकाचा हेतू विचारात न घेता केलेले वाचन वरवर कितीही कडक दिसले तरी अक्विनासच्या कसोटीवर ते शब्दशः वाचन ठरत नाही.

तुझ्या वर्गात यहोशवाच्या दहाव्या अध्यायावरून वाद झाला असे तू लिहितोस. तेथे यहोशवा सूर्याला गिबोनावर आणि चंद्राला अयालोनाच्या खोऱ्यावर थांबायला सांगतो. हा मजकूर नीट वाच. आज्ञेच्या ओळी काव्यात आहेत आणि ते काव्य याशारच्या पुस्तकात लिहिलेले आहे असे निवेदक स्वतःच सांगतो. एक जुने विजयगीत उद्धृत करून तो युद्धाचे वर्णन करतो आहे, आणि त्या दिवशी परमेश्वर इस्राएलासाठी लढला हे त्याचे विधान आहे. या ओळींना खगोलशास्त्र मानल्याने काय घडले ते इतिहासात नोंदलेले आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताविरुद्ध हाच अध्याय पुढे केला जात होता. गॅलिलिओने १६१५ साली टस्कनीच्या ग्रँड डचेस क्रिस्टिना हिला लिहिलेल्या दीर्घ पत्रात अशा उताऱ्यांचा विचार केला आणि शास्त्राचा उद्देश स्वर्गाला कसे जावे हे शिकवण्याचा आहे, आकाश कसे फिरते हे शिकवण्याचा नाही, हे एका कार्डिनलचे वचन त्यात दिले. तरीही १६३३ साली त्याला दोषी ठरवण्यात आले, आणि त्याच्या न्यायाधीशांची चूक झाली हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी उघडपणे मान्य करायला १९९२ साल उजाडले. गॅलिलिओ विश्वासणारा होता आणि त्याचे न्यायाधीशही विश्वासणारे होते. त्यांच्यातला वाद देवाच्या सामर्थ्याबद्दल नव्हता, ती ओळ कशी वाचावी याबद्दल होता.

देवाची आज्ञा टाळून पळालेल्या आणि मोठ्या माशाने गिळलेल्या योना संदेष्ट्याबद्दल माझे मत तू विचारले आहेस. मी ते पुस्तक बोधकथा म्हणून वाचते. त्यात वारा देवाचे ऐकतो, मासा ऐकतो, वेल आणि किडा ऐकतात, निनवेचा राजा गोणपाट नेसून राखेत बसतो, गुराढोरांनाही गोणपाट घातले जाते, आणि देवाचे ऐकायला तयार नसतो तो एकटा संदेष्टा. रचना इतकी हेतुपूर्वक आहे की लेखकाने मला शिकवण्यासाठी ती केली याबद्दल मला संशय राहत नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशूने योनाचा उल्लेख केला आहे, तेव्हा ही घटना ऐतिहासिक मानलीच पाहिजे, असे काही जण म्हणतात. हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण ऐकणाऱ्यांना परिचित असलेल्या कथेचा आधार कोणताही शिक्षक घेतो. मात्र ज्यांच्याकडून मी प्रार्थना शिकले अशा काही वडीलधाऱ्यांनी योनाची कथा घडलेली घटना म्हणूनच मानली, आणि त्यांच्या विश्वासाला मी कमी लेखत नाही. मला खरे दुःख होते ते निराळ्याच गोष्टीचे. माशाच्या घशातून माणूस जाईल की नाही याची चर्चा तासभर चालते, आणि एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे व पुष्कळ गुरे असलेल्या शत्रूच्या शहराची मला कीव येऊ नये काय, हा पुस्तकाच्या शेवटी देवाने विचारलेला प्रश्न तसाच पडून राहतो. शत्रूवर दया करायला सांगणारे पुस्तक मत्स्यशास्त्राच्या वादात संपते.

असे वाचणे ही आधुनिक काळापुढची शरणागती आहे असे तुला सांगितले जाईल. पण तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने विचारले होते की सूर्य आणि चंद्र निर्माण होण्याआधीचे पहिले, दुसरे आणि तिसरे दिवस, त्यांच्या सकाळ-संध्याकाळीसह, कोणता समंजस माणूस अक्षरशः घेईल. सैतानाने येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातली सगळी राज्ये दाखवली, हेही डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्यासारखे घेऊ नये असे त्याचे मत होते. पाचव्या शतकाच्या आरंभी बिशप ऑगस्टीनने उत्पत्तीच्या पुस्तकावर भाष्य करताना विश्वासणाऱ्यांना बजावले की आकाश, पृथ्वी, ग्रहतारे यांबद्दल ज्यांना चांगले ज्ञान आहे अशा परक्या माणसांपुढे शास्त्राच्या नावाने अज्ञान मांडू नका, कारण जे त्यांना माहीत आहे त्यातच आपण चुकलो तर पुनरुत्थानाबद्दल आणि सार्वकालिक जीवनाबद्दल ते आपले काय ऐकतील? हा इशारा गॅलिलिओच्या जन्माच्या अकराशेहून अधिक वर्षे आधीचा आहे.

आता दुसऱ्या टोकाविषयी लिहायला हवे, कारण तुझ्या पत्रावरून तुझा कल तिकडे दिसतो आणि तेथला धोकाही लहान नाही. तू विचारतोस की प्रत्येक चमत्कारामागे काहीतरी नैसर्गिक कारण होते असे मानले तर प्रश्न सुटत नाही का. हा प्रयत्न झालेला आहे. जर्मन ईश्वरविज्ञानी हाइन्रिख पाउलुस याने १८२८ साली येशूचे चरित्र लिहिले. त्याच्या मते येशू पाण्यावर चालला नाही, तो किनाऱ्यावरून चालत होता आणि धुक्यामुळे शिष्यांची समजूत चुकली. पाच हजारांना जेवण मिळाले ते सधन लोकांनी आपापल्या शिदोऱ्या बाहेर काढल्यामुळे. अशी स्पष्टीकरणे त्याने दिली. सात वर्षांनी डेव्हिड फ्रीड्रिख श्ट्राउस याने अशा स्पष्टीकरणांचा पायाच काढून घेतला, आणि श्ट्राउस स्वतः चमत्कार मानणारा नव्हता. त्याचा आक्षेप असा की शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचे वृत्तांत लिहिणारे मत्तय, मार्क, लूक आणि योहान, जे सांगत नाहीत ते पाउलुस त्यांच्या तोंडी घालतो, आणि जे ते सांगतात ते पुसून टाकतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. धुक्यातला किनारा मजकुरात कोठेच नाही. वृत्तांत नाकारायचा असेल तर सरळ नाकारावा. तो जपल्यासारखे दाखवून त्याचा प्राण काढून घेण्यात प्रामाणिकपणा राहत नाही. मजकूरच कारण सांगतो तेथे गोष्ट वेगळी. निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात परमेश्वराने रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहवून समुद्र मागे हटवला असे लिहिले आहे. तेथे वारा आणि देव हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नाहीत, आणि आपण वारा वाचल्याने देव उणा होत नाही.

तू विज्ञानाचा विद्यार्थी आहेस, म्हणून तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमला टाळून तुला पुढे जाता येणार नाही. १७४८ साली त्याने मांडले की निसर्गाचा नियम अखंड अनुभवाने सिद्ध झालेला असतो, तर चमत्काराचा आधार काही माणसांच्या साक्षीवर असतो. म्हणून ती साक्ष खोटी असणे हेच चमत्काराहून अधिक अशक्य ठरत असेल, तेव्हाच तिच्यावर विश्वास ठेवावा. हा युक्तिवाद घाईने झटकून टाकू नकोस. चमत्काराचे दावे करून माणसांची फसवणूक करणाऱ्यांपासून तो तुझे रक्षण करील, आणि असे दावे करणारे प्रभूचे नावही घेतात. तरी त्याची एक मर्यादा आहे. माणसांचा अनुभव सर्वत्र एकसारखा आहे का, हाच वादाचा मुद्दा असताना ह्यूम तो आधीच मिटलेला धरतो. शिवाय जगाचा निर्माता आहे की नाही या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे गणित अवलंबून असते. देव नाहीच असे ज्याने ठरवले आहे, त्याला चमत्काराचा कोणताही पुरावा पुरणार नाही. देव आहे असे जो मानतो, त्याला फारच थोडा पुरावा पुरेसा वाटू लागतो, आणि म्हणूनच आपल्यासारख्यांनी स्वतःवर अधिक कडक राहिले पाहिजे. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी १८५८ पासून आजारी माणसे जातात. तेथे बरे झाल्याच्या ७,००० हून अधिक नोंदी असताना चर्चने अधिकृतपणे चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना ७० च्या आसपास आहेत. त्या घटनांबद्दल तुझे मत काहीही असो, ही सावधगिरी शिकण्यासारखी आहे.

जुन्या काळच्या माणसांना निसर्गनियम ठाऊक नव्हते म्हणून ते काहीही खरे मानत, हा समज मात्र सोडून दे. कबर रिकामी असल्याची बातमी स्त्रियांनी आणली तेव्हा प्रेषितांना ती वायफळ बडबड वाटली, असे लूक स्पष्ट लिहितो. थोमा या शिष्याने हात लावून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायला नकार दिला. मेलेली माणसे उठत नाहीत हे त्यांना आपल्याइतकेच, किंबहुना घरोघरी मरण जवळून पाहिलेले असल्याने आपल्याहून अधिक ठाऊक होते. निसर्गाचा नेहमीचा क्रम ठाऊक असल्याखेरीज चमत्कार चमत्कार वाटणारच नाही. ऑगस्टीनने यात एक मोलाची भर घातली: अद्भुत घटना निसर्गाच्या विरुद्ध नसते, निसर्गाविषयी आपल्याला जे माहीत आहे त्याच्या विरुद्ध असते. मी हे वाक्य पळवाट म्हणून वापरत नाही. देव स्वतःच्या सृष्टीत परक्यासारखा घुसतो ही कल्पना मला ख्रिस्ती वाटत नाही, म्हणून ते मला जवळचे आहे.

इतिहासाच्या हाती किती लागते ते पाहू. येशू रोग्यांना बरे करणारा आणि भुते काढणारा म्हणून त्याच्या हयातीतच प्रसिद्ध होता, हे चमत्कार न मानणारे अनेक इतिहासकारही मान्य करतात. त्याच्या विरोधकांनी ही कृत्ये नाकारली नाहीत. तो भुतांचा अधिपती बालजबूल याच्या साहाय्याने भुते काढतो असा आरोप त्यांनी केला, आणि हा आरोप मार्काने लपवलेला नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा यहुदी इतिहासकार जोसीफस येशूला आश्चर्यकारक कृत्ये करणारा म्हणतो. त्या उताऱ्यात पुढे ख्रिस्ती नकलकारांनी भर घातली आहे, पण त्याचा गाभा जोसीफसचाच आहे असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. इतिहास येथवर येतो आणि थांबतो. लोकांनी काय पाहिले आणि काय मानले हे तो सांगू शकतो. ते देवाच्या हाताने झाले का, याचे उत्तर देण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. हे उत्तर इतिहासाकडून जबरदस्तीने काढू पाहणारे लोक दोन्ही बाजूंना भेटतात. त्यांच्यापासून सांभाळून राहा.

आणि आता पुनरुत्थान. येथे मी मागे सरकत नाही. प्रेषित पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र इसवी सन ५५ च्या सुमारास, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिले गेले. त्याच्या पंधराव्या अध्यायात पौल आपल्याला आधीच्यांकडून मिळालेली साक्ष पुढे देतो: ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बंधूंना, ज्यांच्यातले बहुतेक आजही हयात आहेत, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, आणि शेवटी मला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की पाचारणानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमेत पंधरा दिवस केफाजवळ राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. म्हणजे ज्यांची नावे तो घेतो त्यांतले दोघे त्याच्या ओळखीचे होते. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे तो निःसंदिग्धपणे लिहितो. हे लिहिणाऱ्याला घटना सांगायची होती. योनाला लावलेला निकष येथे लावला तर उत्तर उलट येते, आणि निकष एकच असल्यामुळे ते मला स्वीकारावे लागते. पुनरुत्थान म्हणजे शिष्यांच्या मनात पुन्हा जागी झालेली आशा, असे म्हणणाऱ्यांच्या विद्वत्तेचा मी आदर करते. पण पौलाला तसे म्हणायचे होते असे त्यांना म्हणता येणार नाही. यात गूढ काहीच उरत नाही असे मात्र समजू नकोस. उठवलेल्या शरीराला पौल आध्यात्मिक शरीर म्हणतो. शुभवर्तमानांत येशू बंद दारांच्या आत येऊन उभा राहतो आणि भाजलेला मासाही खातो. अम्माऊसच्या वाटेवर त्याचे स्वतःचे शिष्य त्याला ओळखत नाहीत. येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर पुन्हा आपल्या जुन्या आयुष्यात परतला आणि पुढे मरणारच होता; येशूचे उठणे त्या प्रकारचे नव्हते. काय घडले याचे पूर्ण वर्णन आपल्याजवळ नाही, आणि त्या क्षणाचे वर्णन चारही शुभवर्तमानांत कोणी केलेले नाही. ते घडले एवढी साक्ष आहे, आणि मी तिच्यावर विसंबते.

या एका चमत्काराला आणि इतरांना मी सारख्या अंतरावर ठेवत नाही, हे तुझ्या ध्यानात आले असेल. हा क्रम माझा नाही. प्रेषितांचा मतांगीकार काढून बघ: कुमारी मरियेपासून जन्म आणि मेलेल्यांतून तिसऱ्या दिवशी उठणे यांचा त्यात कबुलीजबाब आहे, पाण्यावर तरंगलेली कुऱ्हाड, अग्निरथ, थांबलेला सूर्य, मासा यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. विश्वासाचा सारांश करताना प्राचीन मंडळीने ज्याला हात लावला नाही, त्यावरून आज कोणाला मंडळीबाहेर काढण्याचा अधिकार कोणाकडे येतो? कुमारीपासूनचा जन्म मत्तय आणि लूक सांगतात, मार्क आणि पौल सांगत नाहीत. मी तो मंडळीबरोबर कबूल करते, पण पौलाने जसा आपला सगळा विश्वास पुनरुत्थानावर टेकला तसा कोणत्याही प्रेषिताने तो या जन्मकथेवर टेकलेला नाही. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, येशूच्या मरणसमयी थडगी उघडली आणि पुष्कळ पवित्र जनांची शरीरे उठून नगरात पुष्कळांना दिसली, असे आहे. एवढी मोठी गोष्ट इतर कोणत्याही शुभवर्तमानात नाही, आणि मला ती युगान्ताच्या भाषेत सांगितलेला अर्थ वाटते. पाण्यावरून चालणे? मी ते घडले असे मानते, पण त्यासाठी मी कोणाशी भांडणार नाही.

एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. बायबलमध्ये चमत्कार सर्वत्र सारखे पसरलेले नाहीत. ते मोशेच्या काळात, एलीया आणि अलीशाच्या काळात, आणि येशू व प्रेषितांच्या काळात दाटतात. मधली शतकेच्या शतके माणसांच्या बऱ्यावाईट निर्णयांनी पुढे सरकतात. दाविदाच्या दीर्घ कथेत चमत्कारांना फारसे स्थान नाही. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात तर देवाचे नावही येत नाही. येशू स्वतः चमत्कारांबाबत किती संयमी आहे ते बघ. भुकेला असताना तो धोंड्यांच्या भाकरी करत नाही, मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी मारत नाही, आणि परूशी आकाशातून चिन्ह मागतात तेव्हा मनातून विव्हळून नाही म्हणतो. नासरेथात त्याला थोड्या रोग्यांपलीकडे महत्कृत्य करता आले नाही असे मार्क लिहितो, आणि बेथसैदाचा आंधळा एकाच स्पर्शात बरा झाला नाही, त्याला आधी माणसे चालत्या झाडांसारखी दिसली, हेही मार्कच लिहितो. केवळ थक्क करण्यासाठी रचलेल्या कथेत असे तपशील ठेवायचे कारण दिसत नाही. पाच हजारांना जेवण दिल्याची घटना चारही शुभवर्तमानांत आहे, आणि योहानात येशू दुसऱ्याच दिवशी त्या लोकांना सांगतो की तुम्ही चिन्हे पाहिली म्हणून नाही, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता. चमत्कार डोळ्यांनी पाहिलेली आणि हातांनी खाल्लेली माणसेही त्याचा अर्थ चुकली. लाजराला उठवल्याचे पाहून काही जणांनी विश्वास ठेवला, आणि त्याच बातमीवरून मुख्य याजकांच्या सभेने येशूला मारण्याचा बेत केला. म्हणून घटना घडली हे सिद्ध केले की काम झाले, असे समजणाऱ्या विश्वासणाऱ्यांची मला काळजी वाटते. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा तेरावा अध्याय त्याहून पुढे जातो: एखाद्या संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले, तरी तो तुम्हांला अन्य देवांकडे नेत असेल तर त्याचे ऐकू नका.

यापुढचा भाग तू दोनदा वाचावास अशी माझी इच्छा आहे, कारण शब्दशः वाचनाचा वाद येथे माणसांच्या शरीरापर्यंत पोचतो. मार्काच्या सोळाव्या अध्यायाच्या अखेरीस विश्वासणारे सर्प उचलतील आणि प्राणघातक काही प्याले तरी त्यांना बाधणार नाही, असे वचन आहे. सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन्ही प्रमुख हस्तलिखितांत मार्काचे शुभवर्तमान आठव्या वचनाशी संपते. हा पुढचा भाग त्यांत नाही. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगराळ भागातल्या काही मंडळ्यांनी ते वचन आज्ञा मानून उपासनेत विषारी सर्प हाताळायला सुरुवात केली, त्यांतली काही माणसे दंशाने दगावली, आणि या प्रथेचा सर्वांत प्रसिद्ध प्रचारकही १९५५ साली सर्पदंशानेच मेला. हे दूरचे उदाहरण झाले. त्याचेच सौम्य दिसणारे रूप तुला सर्वत्र भेटेल: विश्वास पुरेसा असता तर तू बरा झाला असतास, असे आजाऱ्याच्या उशाशी बसून सांगणारे, किंवा औषध थांबवणे हीच विश्वासाची खूण असे शिकवणारे लोक. हे ऐकून आजारी माणसाच्या आधीच्या वेदनेवर अपराधाचे ओझे येते, आणि ज्या देवाकडे तो आसऱ्यासाठी पाहत होता तोच त्याला आरोप करताना दिसू लागतो. मी याला पाप म्हणते, आणि तो शब्द विचारपूर्वक वापरते.

शास्त्राचा यात त्यांना आधार नाही. पौलाने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली आणि त्याला, माझी कृपा तुला पुरे आहे, हे उत्तर मिळाले, काटा राहिला. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी त्रफिम या सहकाऱ्याला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवून यावे लागल्याचा उल्लेख आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात देवदूत पेत्राला तुरुंगातून सोडवतो, पण त्याच अध्यायाच्या आरंभी योहानाचा भाऊ याकोब तरवारीने मारला गेलेला असतो, आणि त्याचा विश्वास पेत्रापेक्षा कमी होता असे लूक कोठेही सुचवत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा प्रसंग तर मला फार जड जातो. तो तुरुंगातून विचारतो, जो येणार आहे तो तूच काय? येशू उत्तर पाठवतो की आंधळे पाहतात, पांगळे चालतात, मेलेले उठवले जातात. ही सगळी कृत्ये चालू असताना योहान तुरुंगातच राहतो आणि तेथेच त्याचा शिरच्छेद होतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना कर, त्याच्यावर हात ठेव, बरे होणे माग, मोठ्याने माग; पण उत्तर आले नाही तर त्याचे कारण शोधून त्या आजाऱ्याच्या माथी मारण्याचा अधिकार तुला कोणी दिलेला नाही.

वर्गातल्या मित्रांशी कसे वागावे, हेही तू विचारले होतेस. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एखादा अध्याय त्यांच्याबरोबर बसून, शेवटच्या वचनापर्यंत वाच. त्यांतला एखादा तुझ्यापेक्षा अधिक शब्दशः मानणारा असेल आणि तुझ्यापेक्षा अधिक प्रेम करणाराही असेल. पौलाच्या पत्रातला प्रीतीचा अध्याय पुनरुत्थानाच्या अध्यायाच्या दोनच अध्याय आधी येतो, हे विसरू नकोस. आणि मनात शंका असताना रविवारी मतांगीकार मोठ्याने म्हणणे ढोंग ठरेल का, या तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. तो मंडळीचा कबुलीजबाब आहे; त्यातल्या एखाद्या ओळीवर तुझा आवाज खाली आला तर शेजारचे म्हणतील, आणि त्यांचा आवाज खाली येईल तेव्हा तू म्हण. मार्काच्या नवव्या अध्यायातला बाप ओरडला की मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याच्या मुलाला बरे करण्याआधी त्याची शंका मिटण्याची वाट पाहिली नाही.

पुढच्या पत्राआधी एक काम कर. मार्काचे शुभवर्तमान एका बैठकीत, न थांबता, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापर्यंत वाच आणि तेथे थांब. दुसऱ्या दिवशी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाच. माझे जे म्हणणे तुला पटले नाही ते वचनांच्या क्रमांकांसह लिहून पाठव. योनाबद्दल तू मला खोडून काढलेस तरी मला आनंदच होईल.

तुझी शुभचिंतक